सांगलीहून दुबई: पहाटेच्या विमानासाठी घरातून कधी निघावे?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब प्रथमच परदेशी जात आहोत. मी, पत्नी, ६ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांची आई असे चौघे आहोत. माझा मावसभाऊ शारजाला नोकरीला आहे. काही दिवस त्याच्याकडे आणि उरलेले दिवस दुबईत हॉटेलात राहायचे, असा बेत आहे. मुंबई ते दुबई थेट विमान असून ते भाऊबीज आटोपल्यानंतरच्या सोमवारी पहाटे ४ वाजून ५ मिनिटांनी सुटते. हवेतला प्रवास जेमतेम सव्वातीन तासांचा आहे, परंतु सांगलीच्या विश्रामबागेतून मुंबईच्या सहार विमानतळापर्यंतचे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे जाते, आणि सगळा घोळ या जमिनीवरच्या प्रवासाचाच झाला आहे.

घरात तीन मते आहेत. सासरे म्हणतात की रविवारी रात्री जेवण उरकून निघावे, रस्ता मोकळा मिळतो. पत्नीचे म्हणणे असे की शनिवारीच बोरिवलीला नणंदेकडे जाऊन राहावे. मला स्वतःला कोल्हापूरहून विमानाने मुंबई गाठावी आणि तिथून पुढचे विमान पकडावे असे वाटते, म्हणजे आईला गाडीत इतके तास बसावे लागणार नाही. यातले कोणते शहाणपणाचे?

दुसरा प्रश्न फराळाचा. भाच्यासाठी म्हणून आईने चकल्या, अनारसे, घरचा कांदा-लसूण मसाला, खोबऱ्याच्या वाट्या, लिंबाचे लोणचे आणि साजूक तूप अशी यादी तयार केली आहे. यातले काय नेता येते आणि काय नाही, हे कोणी नेमके सांगू शकेल का? तिसरे असे की आई विमानात कधी बसलेली नाही, तिला मधुमेह आहे आणि गुडघ्यांचा त्रास आहे; मुलीचे तर आंबोलीचा घाट उतरतानासुद्धा कान दुखतात. या दोघींची काय काळजी घ्यावी?

माहुलीकर, सातारा

फराळाचे जाणकार सांगतील, मी रस्त्यापुरते लिहितो. सर्वांत आधी घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की समजावून सांगा की ‘सोमवार पहाटे ४.०५’ याचा अर्थ तुम्हाला रविवारी रात्री विमानतळाच्या दारात उभे राहायचे आहे. मध्यरात्रीनंतरच्या विमानांच्या बाबतीत तारखेचा हा घोटाळा हमखास होतो, आणि लोक सोमवारी रात्री सामान घेऊन हजर होतात.

आता उलटे मोजत या. आंतरराष्ट्रीय विमानाचा सामान जमा करण्याचा काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या तीन तास आधी उघडतो आणि एक तास आधी बंद होतो; नेमकी वेळ तुमच्या कंपनीच्या तिकिटावर पाहून घ्या. त्यानंतर इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी, मग गेटपर्यंतची चाल, आणि मुंबईच्या टर्मिनल २ मधली ही चाल गुडघे दुखणाऱ्या माणसाला थोडी नाही. दुबईकडे जाणारी बरीच विमाने रात्री आणि पहाटे सुटत असल्याने या वेळेला तिथे भर दुपारसारखी गर्दी असते. म्हणून रात्री बारा-साडेबारापर्यंत तुम्ही पोहोचलेले असावे. सांगली ते सहार हा रस्ता न थांबता सात ते आठ तासांचा आहे. आई आणि लहान मूल बरोबर असताना तो नऊ तासांचा धरावा. जेवून नऊला निघालात तर तुमचे विमान गेल्यावर तुम्ही पोहोचाल. सासरेबुवांचा मान राखूनही ही सूचना बाजूला ठेवावी लागेल.

बरे, दुपारी निघावे म्हटले तर तो रविवार नेमका भाऊबीजेनंतरचा आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी कोंडी होते ती पुण्याकडून आपल्याकडे येणाऱ्या बाजूला, त्यामुळे त्या दिवशी मुंबईकडे जाणारा सुखात असतो. तुम्ही मात्र जाताय तो परतीच्या लोंढ्याचा दिवस. पेठ नाक्यापासून कराडपर्यंत काही जाणवणार नाही. साताऱ्याच्या पुढे आनेवाडीच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग दिसू लागते. खंबाटकीला पुण्याकडे जाताना घाट चढावा लागत नाही, बोगद्यातून जायचे असते, पण बोगदा संपताच जे वेडेवाकडे वळण लागते तिथे एखादा ट्रक कलंडला की मागची रांग कुठवर जाईल हे सांगता येत नाही. पुढे खेड शिवापूर, मग नवले पुलाचा उतार, आणि ते सगळे पार पडले तरी रविवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गावर लोणावळ्याहून परतणारे मुंबईकर खंडाळ्याच्या उतारावर तुमची वाट पाहत असतातच.

म्हणून माझे मत असे: तुमच्या पत्नीचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, फक्त शनिवारचा दिवस वाया घालवण्याची गरज नाही. रविवारी पहाटे सहाच्या आत सांगली सोडा आणि ऊन चढण्याआधी पुणे मागे टाका. दुपारी बोरिवलीला पोहोचून आई आणि मुलीला चार-पाच तास अंथरुणाला पाठ टेकू द्या, आणि रात्री साडेअकराला तिथून निघा. त्या वेळी बोरिवली ते सहार हे अंतर अडचणीचे नाही.

गाडीत बसणे आईंना खरोखरच झेपणारे नसेल, तर कोयना एक्सप्रेस आहे. ती सकाळी कोल्हापूरहून निघून मिरज, सांगली, कराड, सातारा, पुणे करीत संध्याकाळी मुंबईत पोहोचते. आईंना मधूनमधून उठून चार पावले टाकता येतील आणि खंडाळ्याच्या कोंडीशी तुमचा संबंध राहणार नाही. दादरला उतरून टॅक्सी करा. आता मेट्रो ३ दादरहून थेट टर्मिनल २ ला जाते हे खरे, पण चार जणांच्या सामानाचे आठ डाग घेऊन तो खटाटोप मी तरी करणार नाही. महालक्ष्मी एक्सप्रेस शनिवारी रात्री धरली तर रविवारी सकाळीच मुंबईत उतराल. नणंदेचे घर असल्याने तोही मार्ग वाईट नाही. आरक्षण मात्र त्या आठवड्यात मिळणे अवघड असते.

कोल्हापूरच्या विमानाविषयी मी लिहीत नाही, कारण त्यातला धोका तिकीट काढून देणारे लोक अधिक चांगला सांगतील.

खाडीपल्याड, मूळ मिरज, सध्या शारजा

फराळाच्या यादीत एक पदार्थ असा आहे की तो वाचून मी लगेच लिहायला बसलो. अनारसे. अनारशाला खालून लावलेली खसखस ही संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पुडीत मिळणारी आणि बाळंतिणीच्या लाडवात घातली जाणारी ती पांढरी खसखस इथे बाळगणे गुन्हा ठरते, आणि ‘आमच्याकडे सणाला खातात’ या स्पष्टीकरणाचा उपयोग होत नाही. कांदा-लसूण मसाल्याचेही तेच. सांगली-साताऱ्याकडच्या बहुतेक घरांत तो भाजताना धणे, तीळ, खोबरे यांच्याबरोबर मूठभर खसखस पडतेच. घरच्या मसाल्यात ती आहे की नाही, हे वेष्टन नसल्याने कोणाला दाखवताही येत नाही. तेव्हा हे दोन्ही पदार्थ घरीच ठेवा. आईंना वाईट वाटेल, परंतु यात ‘थोडेसे नेऊ’ हा पर्याय नाही. खसखस लावलेले लाडू किंवा करंजीच्या सारणातली खसखस यांचीही आधी चौकशी करून घ्या, कारण करणाऱ्याच्या हाताला ती इतकी सवयीची असते की यादीत तिचा उल्लेखच होत नाही.

खोबऱ्याच्या वाट्यांना अडचण इथे नाही, तिकडे मुंबईलाच येईल. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असल्याने ते आपोआप तापून पेट घेण्याजोग्या मालात गणले जाते, आणि त्यामुळे ते ना हातातल्या पिशवीत चालते ना जमा केलेल्या बॅगेत. चकल्या खुशाल आणा. तूप आणि लोणचे हातातल्या बॅगेत घालू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला कोणताही द्रव किंवा पातळ पदार्थ सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात, आणि तेलात मुरलेल्या लोणच्याला तर कोणी थाराच देत नाही. जमा करायच्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून आणि दोन पिशव्यांत बांधून, थोडेसे चालून जाते. विड्याची पाने, तंबाखू-चुना यांची डबी आईंच्या चंचीत असेल तर तीही मागे ठेवा, कारण पानाचे सामान दुबईच्या निषिद्ध यादीत आहे.

माझा अनुभव असा की सीलबंद पाकिटांना कोणी विचारत नाही, कारण घटक वर छापलेले असतात. भडंगाची पाकिटे, तासगावचा बेदाणा, साताऱ्याचे कंदी पेढे आणलेत तर तुमच्या मावसभावाला अनारशांची आठवण येणार नाही, असे मी म्हणत नाही, पण तो समजून घेईल. बाकी तूप, मसाले, लोणची इथल्या दुकानांत सगळी मिळतात. त्यासाठी बॅगेतले वजन खर्च करणे मला पटत नाही.

आता औषधे. हे फराळापेक्षाही महत्त्वाचे आहे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी, झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलामसारखी गोळी ही सगळी इथे नियंत्रित औषधे आहेत. ती आणायची असतील तर अमिरातीच्या आरोग्य यंत्रणेची आगाऊ परवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. गुडघ्यांसाठी आईंना जी गोळी दिली आहे तिच्या पट्टीवरचे बारीक अक्षरांतले नाव वाचा. दुकानातले नाव वेगळे असते आणि आतले औषध वेगळे.

कृष्णाकाठ, सांगली

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. अनारशांचा विषय काल रात्री आईसमोर काढला. ‘खसखशीत कसली आलीय नशा’ असे म्हणून तिने मला वेड्यात काढले, परंतु मावसभावाने फोनवर तेच सांगितल्यावर डबा शेजाऱ्यांकडे गेला. गोळ्यांची पट्टी पाहिली तर गुडघ्याची गोळी साधी पॅरासिटामॉलची निघाली, मात्र रात्री झोपेसाठी ती अधूनमधून घेते ती गोळी अल्प्राझोलामचीच आहे. ती बंद ठेवावी काय? तसेच आई हातातल्या पाटल्या काढायला तयार नाही. त्या घालून गेल्यास परत येताना कस्टमवाले अडवतात असे ऐकले आहे, ते खरे आहे का?

वैद्य, कराड

मी गेली अनेक वर्षे कराडला दवाखाना चालवतो, म्हणून प्रकृतीपुरते लिहितो. झोपेची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. अधूनमधून घेत असतील तर फारसे अडणार नाही, परंतु रोजच्या सवयीची असेल तर ती अचानक सोडल्याने त्रास होतो. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना प्रवासाची तारीख सांगा. ते पर्याय सुचवतील किंवा परवानगीसाठी लागणारे पत्र देतील. मधुमेहाची औषधे आणि इन्सुलिन मात्र नेहमी हातातल्या पिशवीतच ठेवा, चिठ्ठीसह. विमानाच्या पोटात ठेवलेल्या बॅगेत इन्सुलिन गोठण्याची भीती असते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक असले तरी कामाचे राहत नाही. शिवाय बॅग उशिरा आली तर पंचाईत. रात्रीचे जेवण नेहमीच्या वेळीच द्या. विमानात मिळेल म्हणून उपाशी ठेवू नका, कारण स्वस्त तिकिटांत जेवण धरलेले नसते. दशमी किंवा पोळीचा रोल हातात ठेवायला हरकत नाही. सोबतची शेंगदाण्याची चटणी मात्र जमा करायच्या बॅगेत जाऊ द्या, कारण तिखटाची पूड केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

कानांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेक पालक चुकीच्या वेळी उपाय करतात. विमान कितीही उंच उडाले तरी आतला हवेचा दाब समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका राखलेला असतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. म्हणजे केबिनमधली हवा महाबळेश्वरपेक्षाही विरळ, पण उंच हिमालयातली नव्हे. विमान वर जाताना मध्यकर्णातली जास्तीची हवा घशाकडे जाणाऱ्या नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो, आणि तीच नळी आतल्या बाजूने मिटून बसते. म्हणून कान दुखतात ते उतरताना, चढताना नव्हे, आणि तुमच्या मुलीला घाट उतरतानाच त्रास होतो याचे कारणही हेच.

दुबईला उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागते. पहाटेचे विमान असल्याने मुलगी नेमकी त्या वेळी गाढ झोपेत असणार, आणि झोपेत माणूस गिळण्याची क्रिया फार कमी करतो. तिला त्या वेळी उठवा, रडली तरी चालेल, आणि पाण्याचे घोट घोट द्या किंवा चघळायला एखादी गोळी द्या. सर्दी झालेली असेल तर निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नाक चोंदलेले असताना ही नळी उघडतच नाही आणि दुखणे खरोखर असह्य होते.

आईंसाठी व्हीलचेअर मागा. त्यात संकोच करू नका. उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवले की दारापासून गेटपर्यंत माणूस मिळतो, आणि गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला ती चाल वाचवणे हे पहिल्या दिवसाचे निम्मे काम आहे. सव्वातीन तासांच्या प्रवासात पाय बधिर होण्यापलीकडे काही होत नाही. एकदा उठून फेरी मारली तरी पुरे. केबिनमधली हवा फार कोरडी असते, तेव्हा स्वच्छतागृहात जावे लागेल या भीतीने पाणी पिणे टाळू देऊ नका. आपल्याकडच्या ज्येष्ठ स्त्रिया एसटीच्या सवयीने हे हमखास करतात.

तिकीटखिडकी, सांगली

कोल्हापूरच्या विमानाचे उत्तर माझ्याकडे आले आहे, तेव्हा स्पष्टच सांगतो: ते करू नका. तुमचे दुबईचे तिकीट आधीच काढलेले आहे, म्हणजे उजळाईवाडी, अर्थात कोल्हापूरचा विमानतळ, ते मुंबईचे तिकीट स्वतंत्र राहील. पहिले विमान उशिरा सुटले किंवा रद्द झाले, तर दुबईच्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही न आलेले प्रवासी ठरता आणि भाड्याचे पैसे परत मागण्याचा हक्क सहसा राहत नाही. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असते तर पुढची व्यवस्था लावणे ही कंपनीची जबाबदारी झाली असती. शिवाय देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोच सामान धरलेले असते, त्यामुळे दुबईसाठी चालणारी बॅग कोल्हापुरात जादा पैसे मागेल.

पाटल्यांविषयी: आई अंगावर घालून जातात ते नित्याचे दागिने असतील तर सहसा कोणी विचारत नाही, पण सोने जड असेल तर जाताना मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यांकडून त्या दागिन्यांचा दाखला करून घेता येतो. तो दाखवला की परतताना ‘हे दुबईत घेतले का’ हा प्रश्न उरत नाही. त्यासाठी वेळ लागतो, म्हणून माहुलीकरांनी सांगितलेल्या साडेबारातून आणखी अर्धा तास अलीकडे या. माझा सल्ला विचाराल तर पाटल्या लॉकरमध्ये आणि हातात काचेच्या बांगड्या.

आणखी एक बाब आज रात्रीच तपासा. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे अशी दोन्ही नावे असतात, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकीट काढताना अनेक जण मधले नाव गाळतात. व्हिसा आणि तिकीट या दोन्हींवर नाव पासपोर्टबरहुकूम आहे ना, हे चौघांचेही पाहा. तफावत असेल तर आता दुरुस्ती होते, काउंटरवर ती होईलच असे नाही. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांहून अधिक उरलेली असावी. व्हिसा, परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण कागदावर छापून ठेवा, फोनची बॅटरी इमिग्रेशनच्या रांगेतच संपते. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, कधीही जमा करायच्या बॅगेत नाही; २०,००० एमएएचपर्यंतची चालते. आणि चेहरा ओळखून विमानतळावर झटपट प्रवेश देणारी डिजियात्रा देशांतर्गत विमानांसाठी आहे, तिच्या भरवशावर वेळ कमी धरू नका.

कृष्णाकाठ, सांगली

ठरले. रविवारी पहाटे साडेपाचला गाडीने निघतो आणि दुपारी बोरिवली गाठतो. मुलीच्या तिकिटावर मधले नाव नव्हते, ते आज दुरुस्तीला दिले आहे. आता शेवटची शंका. विमान वेळेवर गेले तर दुबईला आम्ही किती वाजता उतरू, आणि इतक्या सकाळी हॉटेलवाला खोली देईल का? मावसभाऊ म्हणतो की घ्यायला येतो, पण त्याला सोमवारी कामावर जायचे आहे.

खाडीपल्याड, मूळ मिरज, सध्या शारजा

इथले घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे, त्यामुळे तुम्ही इथल्या वेळेनुसार सहाच्या सुमारास उतराल. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. पहिले दोन दिवस हॉटेल आणि नंतर शारजा असा तुमचा क्रम असेल तर तो उलटा करा, म्हणजे आई उतरल्यावर थेट घरात जाऊन आडव्या होतील.

तुमच्या मावसभावाची अडचणही फारशी नाही. २०२२ पासून इथे शनिवार-रविवार सुट्टी असते, त्यामुळे सोमवारी सकाळी सात-साडेसातपासून शारजाहून दुबईकडे येणारे रस्ते तुंबतात. तो साडेपाचला घरून निघाला तर त्याला जाताना गर्दी लागणार नाही, आणि तुम्हाला घेऊन शारजाकडे परतताना तुम्ही त्या गर्दीच्या उलट दिशेला असाल. तुम्हाला सोडून तो पुन्हा दुबईत कामावर जाणार असेल तर मात्र तासभर कोंडीत अडकेल. तसे असेल तर त्याला घरीच थांबवा आणि विमानतळाबाहेरून टॅक्सी करा. गुलाबी छताच्या टॅक्सी स्त्रिया चालवतात आणि त्या स्त्रियांसाठी आणि बायका-मुले असलेल्या कुटुंबांसाठीच असतात. मीटर विमानतळावर २५ दिरहमपासून सुरू होतो.